आत्याची भुवई आणि मी

दचकू नका, मित्रांनो. मी एक जुनी रबरी मुंडी आहे. धड कोठे राहिले म्हणून इकडेतिकडे शोधू नका. ते मला कधी नव्हतेच. मानेखाली एक लोखंडी पकड आहे. ती टेबलाच्या कडेला आवळली की मी ताठ उभी राहते आणि मेकअप शिकणारी मुले माझ्या तोंडावर हात बसवतात. आजवर माझ्या गालांवर जेवढे रंग चढले आणि उतरले, तेवढे एखाद्या जुन्या इमारतीवरही चढले नसतील. तरी मी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करायला ओठ हलावे लागतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही बहिणी धडाधड बाहेर पडलो. सरळ नाक, सारख्या भुवया, एकही डाग नसलेले गाल, अर्धवट मिटलेले डोळे आणि हसू येते आहे की रडू, याचा पत्ता लागू न देणारे ओठ. फळीवर माझ्या डावीकडे मीच होते आणि उजवीकडेही मीच. साहजिकच चेहरा म्हटला की तो असाच असतो, अशी माझी समजूत झाली. कारखान्यातल्या कामगारांची नाके बघून मला फार वाईट वाटे. बिचाऱ्यांचा साचा बिघडला असावा.

पुढे दुकानात आले. तेथला विक्रेता माझ्या हनुवटीखाली बोट धरून गिऱ्हाइकांना सांगे, "चेहरा असावा तर असा!" मुंड्या खपवायच्या म्हणून त्याला तसे म्हणावे लागते, हे मला कोण सांगणार? मी ते मनावर घेतले.

एके दिवशी एक उंच मुलगी दुकानात शिरली, दारावरच्या पाटीला डोके आपटून "आई गं" म्हणाली आणि डोके चोळत माझ्यासमोर उभी राहिली. तिला घरी सगळे बारकी म्हणत. जन्मली तेव्हा ती बारकी होती. नंतर तिने घरातल्या सगळ्यांना उंचीत मागे टाकले, पण नाव बदलायचे कोणाला सुचले नाही. तिने मला पिशवीत घातले आणि चार जिने चढून घरी आणले.

बारकीचे बाबा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत. त्यांच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नव्हती आणि हा विषय घरात काढायचा नसे. बारकीची आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचे काम करी. माणूस कोणीही भेटो, ती आधी त्याच्या कॉलरकडे बघे. घरातली चौथी म्हणजे आत्या. ती बाबांची थोरली बहीण. वाहतूक पोलिसात होती आणि बाजाराजवळचा मोठा चौक सांभाळत असे. लहानपणी शिडीवरून पडल्यामुळे तिच्या डाव्या भुवईत एक खोक होती. तेथे केस उगवत नसत, म्हणून ती भुवई दोन तुकड्यांत होती. शिट्टी फुंकून जे काम होत नसे, ते या तुटक्या भुवईने होई. आत्याने हात वर करून ती उचलली, की मालट्रक जागच्या जागी थांबे.

घरात टेबल एकच, आणि तेही स्वयंपाकघरात. माझी पकड त्याच्या कडेला आवळली गेली.

"जेवताना पण ही इथेच असणार?" बाबांनी विचारले.

"दुसरीकडे पकड बसत नाही, बाबा."

"मग तोंड तरी तिकडे फिरव. माझ्या घासाकडे बघतेय."

तोंड फिरवले तर माझे टक्कल बारकीच्या आईच्या समोर येई आणि तिला ते नको होते. शेवटी जेवताना माझ्यावर टॉवेल टाकायचे ठरले. टॉवेल जरा विरलेला होता. त्यामुळे मला सगळे दिसे.

आता बारकीवर काय प्रसंग होता ते सांगते. तिने आधी हिशेबाचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला होता आणि मग शिवणाचा. मेकअप शिकायचे म्हटल्यावर बाबांनी बजावले, "हे शेवटचं. यातून काही झालं नाही, तर आईबरोबर लाँड्रीत जायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही." बारकीला शिकवणाऱ्या मॅडम नाटकांची रंगभूषा करत. वर्षाच्या शेवटी परीक्षा घेऊन त्या एका विद्यार्थ्याला नाट्यगृहाच्या रंगपटात, म्हणजे नट-नट्यांची तोंडे रंगवतात त्या खोलीत, मदतनीस म्हणून घेत. फक्त एकाला. बारकीला ती जागा इतकी हवी होती की ती तिचे नावसुद्धा घेत नसे. "ते झालं तर," एवढेच म्हणे आणि गप्प बसे.

सुरुवातीचे दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. बारकीने पहिल्यांदा माझ्या भुवया काढल्या, तेव्हा एक कपाळाच्या मधोमध संपली आणि दुसरी कानाकडे निघाली. डोळ्यांच्या कडा रंगवताना तिच्या हातून डावीकडची रेघ थोडी लांबली, म्हणून तिने उजवीकडची लांबवली, मग पुन्हा डावीकडची. शेवटी दोन्ही रेघा माझ्या डोक्यामागे एकमेकींना भेटल्या. खोट्या पापण्या लावायच्या दिवशी एक पापणी तिच्या बोटाला चिकटली, बोटावरून केसांत गेली आणि सरतेशेवटी बाबांच्या बशीत सापडली. बाबांनी तिला झुरळ समजून चपलेने मारले.

मग जखमांचा धडा आला. नाटकात मारामारी झाली की जखमा लागतातच. बारकीने माझ्या कपाळावर अशी काही खोक काढली की माझे मलाच दुखू लागले. ती वाळत ठेवून बारकी काही आणायला खाली गेली. तेवढ्यात तिची आई कामावरून आली, तिने दिवा लावला आणि किंचाळली. बाबा जिन्यातून धावत आले आणि काही न विचारता त्यांनी माझ्या कपाळाला मलम लावले आणि पट्टी बांधली. बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत उभे राहिले.

"सोडा ती," बारकीची आई म्हणाली.

"बांधलीय तर राहू दे आजच्या दिवस," बाबा म्हणाले.

हळूहळू बारकीचा हात बसला. तिला डोळे मिटूनही माझ्या गालाचे हाड सापडू लागले. दोन्ही भुवया एकाच फटक्यात सारख्या येऊ लागल्या. दुपारभर ती माझ्यासमोर बसे, रंग लावी, तेलाने पुसून काढी आणि पुन्हा लावी. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता. एकदा मॅडमनी मला उजेडाकडे वळवून सगळ्या बाजूंनी बघितले आणि म्हणाल्या, "मुंडीवर हात छान बसलाय तुझा. आता माणसं घे."

येथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

मित्रांनो, मी कधी शिंकले नाही, खोकले नाही, की मध्येच उठून गॅस बंद करायला गेले नाही. बारकीला तेवढीच सवय. पहिला नंबर आईचा लागला. तिचे तोंड क्षणभर बंद राहीना. ओठ रंगवताना तिला नेमकी लाँड्रीत कोणाची तरी चादर जळाल्याची हकीकत आठवली, आणि लाली हनुवटीपर्यंत गेली. मग बाबा बसले. बारकीने माझी धरते तशी त्यांची हनुवटी मुठीत धरली आणि खसकन कडेला वळवली. कट् असा आवाज झाला.

"अगं, मान आहे ती! बोल्ट नाही!"

"हलू नका ना, बाबा."

"मी हललो? तू हलवलंस!"

तरीही बारकीने नेटाने दोघांची तोंडे पुरी केली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू काही मागायला वर आल्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितले आणि विचारले, "अगंबाई, तुम्ही दोघं भाऊबहीण आहात होय? इतकी वर्षं कळलंच नाही."

कारण उघड होते. आईच्या गालावरची खळी बुजली होती. बाबांच्या जाड नाकाला दोन्ही बाजूंनी गडद रंग देऊन बारकीने ते सरळ केले होते. दोघांच्याही भुवया माझ्या होत्या आणि ओठही माझेच. बारकीच्या हाताला दुसरा चेहरा माहीतच नव्हता. मी टेबलावरून बघत होते आणि धन्य झाले होते. साचा बिघडलेली माणसे अखेर दुरुस्त होऊ लागली होती.

बारकीने शेजारपाजारचे जो सापडेल त्याला खुर्चीत बसवले आणि सगळ्यांचे फोटो काढून मॅडमना नेऊन दाखवले. मी पिशवीत होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"ही कोण?"

"माझी आई."

"बरं. आणि पुन्हा तिचाच का काढलास?"

"ते बाबा आहेत, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला असावा, कारण काचेवर फडके घासल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "यांची तोंडं रंगवलीस, ते दिसतंय मला. बघितली होतीस का आधी?" बारकीला त्याचा अर्थ कळला नाही. मला तर ते माझेच कौतुक वाटले.

थोड्याच दिवसांनी आत्याच्या चौकातून सायकलींची मोठी शर्यत जाणार होती. वर्तमानपत्राचे छायाचित्रकार येणार होते. बारकीने सकाळीच आत्याला गाठले आणि इतकी गळ घातली की आत्या कंटाळून खुर्चीत बसली.

"लवकर आटप. आणि लालीबिली नको मला."

बारकीने लालीबिली लावली नाही. तिने आत्याच्या कपाळावरच्या आठ्या मऊ केल्या, ओठांचे कोपरे किंचित वर उचलले आणि डाव्या भुवईतली खोक बारीक बारीक रेघांनी अशी भरली की भुवई अखंड झाली. आत्याने टोपी घालता घालता आरशात एक नजर टाकली, "बरंय," म्हणाली आणि जिना उतरून गेली. माझा चेहरा सरकारी गणवेशात चौक सांभाळायला निघाला होता. अभिमानाने माझी मान ताठ झाली असती, पण ती होतीच.

संध्याकाळी आत्या घरी आली आणि तिने टोपी टेबलावर अशी आपटली की माझ्यावरचा टॉवेल उडाला.

"मी हात वर केला. भुवई उचलली. टेम्पोवाल्यानं काय करावं? हसला! हसून मला हात केला आणि गेला निघून!"

"ओळखीचा असेल," बाबा म्हणाले.

"बाळ्या, तू गप्प बस! एकानं काच खाली करून विचारलं, शूटिंग कुठे चाललंय म्हणून. दुधाचा टँकर उलट्या बाजूनं आत आला. सायकलवाले बाजारात घुसले. पहिला होता तो तर अजून सापडलेला नाही! आणि साहेब गाडीतून उतरले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मलाच विचारतात, 'आज आपल्या बाई कुठे आहेत?'"

बाबांचे खांदे हलू लागले. बारकीची आई नळाकडे तोंड करून भांडी घासू लागली. ती भांडी आधीच घासलेली होती.

"हसा, हसा," आत्या म्हणाली. "वीस वर्षं मी तो चौक या भुवईवर चालवलाय. आज तिथे उभी होते आणि कुणी ओळखलं नाही मला. एकाही माणसानं नाही." तिने माझाच टॉवेल उचलून खसाखसा तोंड पुसले. "पुन्हा माझ्या तोंडाला हात लावलास, तर हातपाय तोडून गळ्यात अडकवीन."

बारकी एवढीशी झाली. इतक्या उंच मुलीला इतके लहान झालेले मी प्रथमच बघितले.

त्याच आठवड्यात मॅडमनी परीक्षा सांगितली. पन्नाशीच्या आसपासचे एक माणूस आणायचे आणि त्याला रंगमंचावरच्या दिव्यांत वीस वर्षांनी म्हातारे करायचे. पण शेवटच्या रांगेतूनही ते तेच माणूस वाटले पाहिजे. बारकीने आधी माझ्यावर सराव केला. माझ्या तोंडभर सुरकुत्या काढल्या, त्यांना छाया दिली, पापण्या लोंबत्या केल्या. संध्याकाळी तिची आई आली आणि मला जवळून न्याहाळून म्हणाली, "हे म्हातारं नाही दिसत गं. चुरगळलेलं दिसतंय."

बारकीने पुसून पुन्हा काढले. पुन्हा तेच. मग ती हातात ब्रश धरून माझ्याकडे नुसती बघत बसली. बघता बघता तिच्या काहीतरी लक्षात आले असावे. तिने ब्रश खाली ठेवला आणि भर दुपारी, जेवणाची वेळ नसताना, माझ्या तोंडावर टॉवेल टाकला. असा अपमान माझा कोणी केला नव्हता. नाक मुरडता येत असते तर मी ते मानेमागे नेऊन ठेवले असते.

त्यानंतर बारकी दुपारी घरी दिसेना. येताना तिचे नाक उन्हाने लाल झालेले असे. रात्रीच्या जेवणाला ती आत्याच्या समोरची खुर्ची धरी आणि टक लावून बसे.

"काय बघतेस?" आत्या विचारी.

"काही नाही."

"मग जेव."

असे काही दिवस गेले. एकदा बारकीने धीर केला.

"आत्या, तुझा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा का गं?"

"सकाळी ऊन त्या बाजूनं असतं."

"आणि ओठांवरच्या या उभ्या रेघा?"

"शिट्टी फुंकून. तू पण फुंक एवढी वर्षं, तुलाही येतील."

"आणि भुवयांच्या मधल्या आठ्या?"

"त्या तुझ्या बापामुळे. लहानपणापासूनच्या आहेत."

बाबा ताटात बघून जेवत राहिले. बारकी हळूच म्हणाली, "रोज चौकात येऊन उभी राहते मी. आज तू भुवई उचललीस ना, तेव्हा मी पानपट्टीच्या मागे होते. तरी थांबले."

आत्याने घास चावून संपवला. पाणी प्यायली. "कधी आहे तुझी परीक्षा?"

"रविवारी."

"चेहरा माझाच राहिला पाहिजे. साहेबांनी पुन्हा तसलं काही विचारलं, तर बघ."

"नाही विचारणार, आत्या."

"आणि सोमवारी काय ते ठरेल," बाबा म्हणाले. लाँड्रीचे नाव त्यांनी घेतले नाही, पण बारकीच्या आईने त्यांच्याकडे रोखून बघितलेच.

परीक्षेला मीही गेले. म्हाताऱ्या माणसाला पांढऱ्या केसांचा टोप लागतो आणि तो टोप चपटू नये म्हणून एका मुंडीवर ठेवतात. अशा रीतीने माझ्या टकलावर पहिल्यांदा केस आले. रंगपटात आरशांची रांग होती, प्रत्येक आरशाभोवती दिवे होते आणि प्रत्येक खुर्चीत कोणाचे तरी वडील, मामा, मावशी बसून म्हातारे होत होते. बारकीने आत्याची हनुवटी मुठीत धरली.

"मान माझी आहे," आत्या म्हणाली.

"हो, हो." बारकीने मूठ सोडली आणि दोन बोटांनी हनुवटी उचलली.

पुढचे काम फार सुरेख झाले. तिने एकही नवी रेघ काढली नाही. आत्याच्या तोंडावर जी होती तीच खोल केली, लांबवली, थोडी खाली ओढली. उजवा गाल जास्त करपवला. शिट्टीच्या रेघा ओठांत उतरवल्या. मग तिने भुवयांची पेन्सिल घेतली आणि भर्रकन डावी भुवई काढली. सरळ, अखंड, सारखी. मी मनात म्हटले, शाबास!

बारकी मात्र जागीच थिजली. तिने माझ्याकडे बघितले, मग आत्याकडे. जो हात वर्षभर माझ्या भुवयांवर बसला होता, तो तिला न विचारताच आपले काम करून मोकळा झाला होता.

"दहा मिनिटं!" दारातून कोणीतरी ओरडले.

"काय झालं?" आत्याने डोळे न उघडता विचारले.

"काही नाही."

"काहीतरी फोडलं की तुझा बापही असंच म्हणायचा."

बारकीने ओले फडके घेऊन भुवई पुसली. भुवईबरोबर भोवतालचा रंगही निघून आला आणि मधोमध उघडी कातडी दिसू लागली. पुन्हा सगळे चढवायला वेळ नव्हता. माझे तर काळीज हातात आले असते, दोन्ही असती तर. तिने बोटाने कडा विरवल्या, भुवईच्या दोन तुकड्यांना चार पांढरे केस लावले आणि खोक होती तशीच उघडी ठेवली. मग माझ्या डोक्यावरचा टोप काढून आत्याच्या डोक्यावर बसवला आणि मला काखोटीला मारून ती विंगेत येऊन उभी राहिली.

मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. घरची मंडळी मधल्या खुर्च्यांवर होती. बाबा कामावरून तसेच आले होते आणि खिशातली बिस्किटे खात होते. एकेक म्हातारे माणूस रंगमंचावरून चालत गेले. कोणावर पिठाची गोणी फुटल्यासारखी दिसत होती, कोणी खरेच छान दिसत होते. मग आत्या गेली. तिला वाकून चाल असे बारकीने सांगितले नव्हते, त्यामुळे ती आपली नेहमीसारखी चालली. ती मध्यावर आली आणि मागून नाट्यगृहाचा एक कामगार चाकांची शिडी ढकलत थेट रंगमंचावर आला. आत्या वळली. तिचा हात वर गेला आणि भुवई उचलली गेली. तो माणूस एक पाय उचललेल्या अवस्थेत जागच्या जागी थांबला.

शेवटच्या रांगेतून मॅडमचे मोठ्याने हसणे ऐकू आले. सगळेच हसू लागले. आणि त्या हसण्यातच मधल्या खुर्च्यांमधून कोणीतरी ओरडले, "आई!"

बाबा उभे राहिले होते. हातातले बिस्किट हातातच होते.

बाबांची आणि आत्याची आई बारकीच्या जन्माआधीच गेली होती. घरात तिचा एकच फोटो, तोही गर्दीतला. त्यात तिने उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला होता आणि चेहरा दिसतच नव्हता. बारकीने तिला कधी बघितले नव्हते. तिने फक्त आत्याच्या रेघा पुढे पुढे नेल्या होत्या, आणि त्या रेघा तेथे जाऊन पोचल्या होत्या. आत्या आत आली आणि आरशासमोर थांबली. मग आरशाकडे बघत अगदी हळू म्हणाली, "अगं, तू कुठे होतीस?"

मॅडम रंगपटात आल्या. त्यांनी आत्याची भुवई जवळून बघितली. "इथे रंग कमी पडलाय."

"पुसावा लागला," बारकी म्हणाली. "चुकून मुंडीची भुवई काढली होती."

मॅडमनी माझ्याकडे बघितले. मी नजर खाली ठेवली. ती कायम तशीच असते. "पुसलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "बुधवारपासून ये. आणि हिला घेऊन ये, टोप ठेवायला मुंड्या कमी पडतात." त्या गेल्या. बारकी जी खुर्चीत बसली ती थेट पावडरच्या उघड्या डब्यावर. तिला ते घरी जाईपर्यंत कळले नाही आणि आम्ही कोणी सांगितले नाही.

घरी जातानाही आत्याने तोंड धुतले नाही. बसमध्ये एका मुलीने उठून तिला जागा दिली आणि आत्या चक्क बसली. घरी आल्यावर मला टेबलाला आवळले. माझ्यावर टॉवेल टाकायची कोणाला आठवण राहिली नाही. बारकीची आई वाढू लागली. बाबांनी सगळ्यांच्या आधी ताट पुढे ओढले, पण जेवेनात. समोर बसलेल्या बहिणीकडे चोरून बघत होते, खाली बघत होते, पुन्हा बघत होते.

"ताई," ते शेवटी म्हणाले. "एकदा रागव ना मला."

आत्याने त्यांच्याकडे बघितले. तिची भुवई उचलली गेली.

"हात धुतलेस?"

गावभरच्या लिफ्टचे तेल ज्यांच्या नखांत बसले आहे, ते बारकीचे बाबा ताटावरून उठले. त्यांनी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि परत येऊन आत्यासमोर दोन्ही हात धरले, आधी पालथे, मग उताणे. आत्याने ते नीट बघितले आणि मान डोलावली. बारकीच्या आईने त्यांना पुसायला माझा टॉवेल दिला. कोणी हसले नाही.

आता मी नाट्यगृहाच्या रंगपटात असते. कधी राजाचे केस माझ्या डोक्यावर असतात, कधी भिकाऱ्याचे. माझे नाक एका बाजूने चपटे झाले आहे आणि कानामागे गोंद साठला आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल तर तिला कोमट पाण्याने धुवा, गोंद नखाने खरवडू नका आणि उन्हात विसरू नका. रबराला भेगा पडतात. पण आणखी एक काम आहे आणि ते आधी करा. आज जेवायला बसलात की समोरच्यांकडे नीट बघा. कोणाच्या गालावर कोठली रेघ आहे ती ओळखून ठेवा, आणि ती कशाने आली ते त्यांनाच विचारा. माझ्यासारखी मुंडी बाजारात केव्हाही मिळेल.